हे पैसे आले कुठून?

नमस्कार श्रोतेहो. मुलांना नागरी हक्कांची गोष्ट सांगायची म्हटलं की सुरुवात रोझा पार्क्सपासून होते. 1 डिसेंबर 1955, अमेरिकेतलं मॉन्टगोमेरी शहर. रोझा कृष्णवर्णीय होत्या. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना अटक झाली. बहुतेकदा आपण तिथंच थांबतो. मग मुलांना वाटतं, एक दमलेली म्हातारी बसून राहिली आणि कायदा बदलला! अहो, त्या 42 वर्षांच्या होत्या, नागरी हक्कांच्या संघटनेत चिटणीस होत्या. आणि त्यानंतरचा कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार 381 दिवस चालला. परत सांगतो, तीनशे एक्क्याऐंशी दिवस. एवढे दिवस माणसं कामावर गेली कशी? काही पायी, काही एकमेकांच्या गाड्यांतून. गाड्यांना पेट्रोल लागतं, पेट्रोलला पैसे.

म्हणून मी जॉर्जिया गिलमोर यांची गोष्ट सांगतो. या बाई स्वयंपाकाचं काम करायच्या. कृष्णवर्णीय प्रवाशांनी पुढच्या दारानं चढून भाडं भरायचं, मग खाली उतरून मागच्या दारानं चढायचं, अशी तिथली तऱ्हा. एकदा बाईंनी भाडं भरलं, ड्रायव्हरनं सांगितलं म्हणून उतरल्या, आणि बस निघून गेली. भाडं आत, बाई रस्त्यावर!

इथं मुलं चिडतात. चिडू द्या. शांततेच्या नावाखाली आपण मुलांना नुसतं गप्प बसायला शिकवतो, असं माझं जुनं मत आहे. असो.

बाई गप्प बसल्या नाहीत. बहिष्काराबद्दल मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला भरला गेला, तेव्हा हाच किस्सा बाईंनी कोर्टात साक्षीत सांगितला. नोकरी गेली. मग किंग यांच्या मदतीनं त्यांनी घरातच स्वयंपाकघर थाटलं. चळवळीसाठी तर त्या आणि त्यांच्या मैत्रिणी केक, ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ, सँडविच, तळलेलं चिकन विकतच होत्या. पैसे चर्चमधल्या सभेत जमा व्हायचे. पण करणाऱ्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नाव कळलं तर काम जाणार. पैसे देणाऱ्यांत काही गोरेही होते, त्यांनाही भीती. मग गटाचं नावच ठेवलं, ‘कुठूनच नाही क्लब’! पैसे आले कुठून? कुठूनच नाही. लक्षात आलं ना? पैसे आले कुठून? कुठूनच नाही! या उत्तराला मुलं हमखास हसतात, आणि कुणाचं नाव का लपवावं लागतं हे त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

13 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला, आणि 21 डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, हवं तिथं बसले.

आता एक विनंती. शाळेच्या कार्यक्रमात मिशी चिकटवून, पाठ केलेलं भाषण म्हणणारा छोटा किंग उभा करू नका. एकाला टाळ्या, बाकीचे प्रेक्षक. त्यापेक्षा मुलांना विचारा, त्या 381 दिवसांत तू काय केलं असतंस? कुणी गाडी चालवेल, कुणी पत्रकं वाटेल, कुणी हिशोब ठेवेल. एखादं म्हणेल, मी केक खाईन. त्यालाही घ्या. विकत घेऊन खाणारे लागतच होते.