आतबट्ट्याचा काजूगर

नमस्कार श्रोतेहो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी म्हणालं, "यंदाचा सौदा आतबट्ट्याचा झाला", तर किती सुटले असं त्याला विचारू नका. सुटलं काहीच नाही, पदरचे गेले.

नाणं बदलून देताना सराफ कापून घ्यायचा ती कसर म्हणजे बट्टा. १९६१ पूर्वीची शेवटची दोन-तीन वर्षं गोव्यात पोर्तुगीज एस्कुदो आणि पत्रादेवीच्या सीमेपलीकडे रुपया, तेव्हा बट्टा काय असतो ते आपल्या आजोबांना शिकवावं लागलं नाही. हीच कसर आपल्या मुद्दलातून गेली की आतबट्टा. लक्षात घ्या, नफा कमी झाला म्हणून आतबट्टा होत नाही. मुद्दलाला हात लागला तरच आतबट्टा.

सत्तरी तालुक्यातलं एक घर धरा. एप्रिल महिना, अंगणात १०० किलो ओली काजूबी. व्यापारी दारात येऊन किलोला १२० देतोय, म्हणजे रोख १२,००० रुपये. हेच त्या घराचं मुद्दल. घरधनी म्हणतो, "त्याला कशाला? गर काढून आपणच विकू."

तीन दिवस उन्हात घातली, बी भरली ८८ किलो. १२ किलो पाणीच होतं, ते उडालं. चार किलो बीला एक किलो गर, म्हणजे २२ किलो. वरची पातळ साल काढली, राहिले २०. बी कमी भाजली की कवच नीट फुटत नाही आणि गराचे तुकडे पडतात. जास्त भाजली की गर करपतो. म्हणून अख्खा गर १४ किलो, तुकडा ६ किलो. अख्खा ७५० नं, तुकडा ५५० नं गेला. हातात आले १३,८००. घरधनी खूश, १,८०० जास्त!

तेवढ्यात आई विचारते, "आणि आमचे दिवस?" हाताला राख चोळून दोघीजणी चार दिवस बसल्या होत्या, तरी चिकानं बोटांची सालं गेली. आठ दिवसांची मजुरी ४०० प्रमाणे ३,२००. लाकडं, पिशव्या, पेट्रोल मिळून ५००. १३,८०० मधून ३,७०० वजा करा. उरले १०,१००. दारात आलेले १२,००० होते, श्रोतेहो. १,९०० चा आतबट्टा!

घरच्या बाईची मजुरी वहीत न लिहिण्याची आपली खोड जुनी. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, बाटलीचा हिशेब मात्र पैशापर्यंत चोख!

तर शब्द असा वापरा: आतबट्ट्याचा धंदा, आतबट्ट्याचा सौदा, किंवा "या भावानं दिलं तर आतबट्ट्यात जाईन". अवकाळी पावसानं मोहोर झडला, ते नुकसान. उधारी परत आलीच नाही, ती बुडीत. आतबट्ट्याला मात्र सौदा लागतो, आपणच हौसेनं केलेला.