ज्याचा खुबा, त्याचा निर्णय

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्येला, चिन्ली गावाजवळ, मेनी फार्म्स ही नवाहो या आदिवासी लोकांची वस्ती आहे. १९५५ नंतर कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी नवाहो कौन्सिलच्या (त्यांच्या प्रतिनिधी सभेच्या) साथीने इथे दवाखाना चालवला. लंगडत चालणारी माणसं त्यांना बरीच दिसली. दोष जन्मजात होता: खुब्याची वाटी उथळ, आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट न बसलेला.

नवाहोंची ही बाळाला बांधायची फळी पाहा. पाठीशी दोन फळ्या, पायाशी टेकू, डोक्यावर वाकवलेल्या लाकडाची कमान आणि दोन्ही कडांमधून ओवलेली चामड्याची वादी. फळ्या म्हणजे धरती आणि आकाश, कमान म्हणजे इंद्रधनुष्य. बाळ शांत झोपतं, आईचे हात मोकळे राहतात. फक्त मांड्या सरळ आणि जुळलेल्या राहतात. मग गोळा बाहेर सरकू पाहतो, आणि त्याचा दाब नसला की वाटी खोल होत नाही. यासाठी फळी टाकून द्यायची गरज नाही. मांड्यांमध्ये जाड लंगोट घातला, की गुडघे वाकून फाकतात आणि गोळा जागेवर राहतो. (आपल्याकडेही बाळाचे पाय ताणून दुपट्यात आवळतात. कमरेखाली दुपटं सैलच हवं.)

मोठ्यांसाठी डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया होती: सांधा कायमचा जखडून टाकायचा. दुखणं थांबतं, पण खुबा वाकत नाही. खुर्ची-टेबलावर जगणाऱ्याचं निभतं. होगनमध्ये, म्हणजे नवाहोंच्या पारंपरिक घरात, मात्र जेवण जमिनीवर बसून, आणि बाहेर पडलं की घोड्यावर मांड टाकायची. जखडलेला खुबा या दोन्ही गोष्टी हिरावून घेतो. लंगडणारा मेंढ्या राखत होता, संसार करत होता. लोकांच्या लेखी तो अपंग नव्हताच, शस्त्रक्रियेने झाला असता. उतारवयात सांधा झिजून दुखतो, हे डॉक्टरांचं म्हणणंही खरंच होतं. पण आजचा घोडा की उद्याचा आराम, हे त्यांनी परस्पर ठरवण्यासारखं नव्हतं.

धोका सांगायचीही रीत आहे. ‘तुम्हाला पुढे चालता येणार नाही’ असं तोंडावर म्हटलं, तर ते ओढवतं, अशी जुन्या वळणाच्या घरांत धारणा आहे. म्हणून जाणता दुभाषा तिऱ्हाइताचं सांगतो: ‘एकाला असा त्रास होता, उपचार राहिले, मग त्याचं असं झालं.’

अमेरिकेतल्या १९७८ च्या कायदादुरुस्तीने अपंगांचं व्यावसायिक पुनर्वसन स्वतः चालवायला आदिवासी राष्ट्रांना केंद्राचा निधी मिळू लागला. असा कार्यक्रम सर्वांत आधी उभा केला तो नवाहोंनी. रोजगाराच्या आराखड्यात समुपदेशन, प्रशिक्षण, साधनं यांच्या जोडीला पारंपरिक उपचारविधीही धरता येतो.

याला दुसरी बाजूही आहे. १९९० च्या अमेरिकी अपंगहक्क कायद्याने नोकरीविषयक कलमांतून आदिवासी सरकारांना वगळलंय. नवाहो सरकारच्याच कचेरीत कुणाला अपंग म्हणून डावललं, तर त्या कलमांखाली दाद मागता येत नाही. नवाहो कायद्याचंच दार ठोठवावं लागतं.