पाण्यावर दिसणारे थर

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना चालू आहे. कळशी विहिरीत सोडली की तळाला आपटल्याचा आवाज येतो, आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते: पाणी गेलं कुठं? कोणी म्हणतं शेजाऱ्याची बोअर, कोणी म्हणतं खाण, कोणी म्हणतं पाऊसच पूर्वीसारखा राहिला नाही. यातलं काहीही खरं असू शकेल. मी मात्र प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारते. किती? कधीपासून? आणि मोजलं कोणी?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरची विहीर आजोबांच्या काळातली, चिऱ्यांनी म्हणजे जांभ्या दगडानं बांधलेली. माझी आत्या दर रविवारी सकाळी पूजेची फुलं काढायला निघाली की आधी कठड्यावरून वाकायची. पाण्याच्या वर चिऱ्यांचे किती थर उघडे पडलेत ते मोजायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या रविवारच्या चौकटीत शिसपेन्सिलीनं आकडा लिहायची. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून फडताळात. (कॅलेंडर घ्यायचं तर मोठ्या चौकटींचं घ्यावं, देवादिकांच्या चित्रापेक्षा लिहायला जागा महत्त्वाची, हे माझं जुनं म्हणणं आहे. फोनमध्ये टिपलेलं फोनबरोबर जातं.)

एका फेब्रुवारीत शेजाऱ्यांनी बोअर मारली. त्या मे महिन्यात आमच्या विहिरीत गाळ दिसू लागला. झालं, सगळ्यांची खात्री पटली. बाबांनी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीसाठी, त्यांच्याकडून दरवर्षी सुपारीचा घोस यायचा, तो त्या वर्षी दारातून परत गेला. आई दिवसभर गप्प होती.

चतुर्थी उरकल्यावर बाबा पंचायतीला द्यायचा अर्ज लिहायला बसले. म्हणाले, "अक्का, तुझी कॅलेंडरं काढ. पुरावा होईल."

आत्यानं नऊ कॅलेंडरं ओसरीवर पसरली. एक सांगायला हवं, आत्याला ते शेजारी अजिबात आवडत नसत. कुंपणाच्या गडग्यावरून आत आलेल्या फणसाच्या फांदीवरून तिचं त्यांच्याशी वाजलं होतं. बोअरच चोर आहे, हे घरात सर्वांत आधी तीच म्हणाली होती. ती मे महिन्याचा शेवटचा रविवार वाचत गेली. २५. २६. २५. २६. २५. मग एकदम ३०. मग ३१. पुन्हा ३१. आणि बोअरच्या वर्षी? ३१.

बाबा म्हणाले, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. पाणी खाली गेलं होतं ते बोअर पडायच्या तीन उन्हाळे आधी. पाणी आधी गेलं, बोअर नंतर आली. मग तिनं पाचव्या कॅलेंडरातला नोव्हेंबर उघडला. तिथं तिच्याच अक्षरात दोन शब्द होते: "पंप बसवला." तोवर आमच्याकडे रहाट होता. हातानं ओढायचं तेव्हा लागेल तेवढंच पाणी यायचं. पंप आल्यावर टाकी भरून वाहिली तरी कोणी उठत नसे.

आत्यानं एकही आकडा गाळला नाही. मनात अढी असताना तिनं ती कॅलेंडरं शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, आणि यासाठी मी तिला फार मानते. बाबा अर्ज फाडून गडग्यापलीकडे गेले. पुढच्या चतुर्थीला सुपारीचा घोस माटोळीत लागला.

म्हणून बोअरमुळे विहीर आटतच नाही, असं मी म्हणत नाही. खालचा झरा एकच असेल तर आटते. पण किती, कधीपासून, मोजलं कोणी?

आपल्या गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ३ लाख लिटर पाणी पडतं! आपला चिऱ्याचा दगड सच्छिद्र. पाणी झटकन पितो, झटकन सोडतोही. त्यात अंगणभर सिमेंटचे पेव्हर बसवले की पितोही कमी. शेणानं सारवलेलं अंगण घालवून हे पेव्हर कशाला आणले, मला आजवर कळलेलं नाही.

मोजण्यावरून आठवलं. आपण मनातल्या विचारालाही मत म्हणतो आणि पेटीत टाकतो त्यालाही मतच. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला झालेल्या जनमत कौलाआधी विलीनीकरण मागणारे फूलवाले आणि ते नको म्हणणारे दोन पानंवाले, दोघांनाही आपलाच गोवा खरा वाटत होता. आमच्या नात्यात दोन्हीकडचे होते. अजूनही कोणी म्हणतं निसटता निकाल, कोणी म्हणतं धुव्वा उडाला. मोजलेली मतं अशी: केंद्रशासित राहावं म्हणणारी १,७२,१९१, महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणारी १,३८,१७०. फरक ३४,०२१. कौल आवडो न आवडो, जेवणाच्या पानावर वाद घालताना आमच्याकडे हा आकडा दोन्ही बाजूंना पाठ होता, आणि त्यामुळे वाद व्हायचा तो पुढचा व्हायचा.

आत्या आता नाही. शिसपेन्सील माझ्याकडे आहे. परवाच्या रविवारी मोजले, २८ थर. गेल्या वर्षी याच आठवड्यात २९ होते. पंप आम्ही आता दिवसातून एकदाच लावतो, टाकीपाशी उभं राहून.

नमस्कार.