परत आलेलं पार्सल

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरला मंदी नवीन नाही. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, तेव्हाचे दिवस घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला सांगितलेले आहेत. आज मला बोलायचं आहे ते दोन खोल्यांच्या घरातून, हातातल्या मोबाईलवर चादरी, टॉवेल, शेंगा चटणी विकणाऱ्या माझ्यासारख्या माणसांशी. पूर्व भागात राहून मी सहा वर्षं हेच करते आहे.

हात आखडला की गिऱ्हाईक कमी होतं, ते खरंच. पण छोटा धंदा बसतो तो बहुतेक वेळा अडकलेल्या पैशानं. आणि पैसा अडकतो कुठे, तर घराच्या कोपऱ्यात, परत आलेल्या पार्सलांच्या ढिगात.

हिशोब करून बघा. समजा एका चादरीमागे सगळा खर्च जाऊन 90 रुपये सुटतात. पार्सल घरी पोचल्यावर पैसे देणारं गिऱ्हाईक दारात 'नको' म्हणालं, तर जायचे 80 आणि यायचे 70, असे 150 रुपये गेले. म्हणजे जवळजवळ दोन चादरींची कमाई एका परतीनं खाल्ली. शिवाय ती चादर दहा-पंधरा दिवस रस्त्यावर, आणि तिच्यात घातलेले पैसेही तिच्याबरोबर रस्त्यावरच. चांगल्या दिवसांत हे खपून जातं. मंदीत माणूस रात्री मागवतो आणि सकाळी घरखर्चाकडे बघून मन बदलतो. त्याचा राग धरू नका, त्याचीही ओढाताण चाललेली असते. मी आता पार्सल बांधण्याआधी फोन करते. "ताई, चादर तुम्हीच मागवलीय ना? रंग मरून आहे, चालेल ना?" एवढंच. आधी पैसे पाठवले तर 20 रुपये कमी, हेही तेव्हाच सांगते. फोन उचललाच नाही तर पार्सल निघत नाही. ऑर्डरी थोड्या कमी झाल्या, पण कोपरा मोकळा झाला.

दुसरी गळती खोक्याची. बऱ्याच कुरिअर कंपन्या काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन, दोन्ही बघतात आणि जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. मी पहिली दोन वर्षं चादर 40 बाय 30 बाय 15 च्या छान खोक्यात घालून पाठवत होते. त्याचं वजन भरतं 3.6 किलो. आतली चादर दीड किलोची! म्हणजे मी कुरिअरनं हवा पाठवत होते. आता चादरीची घट्ट घडी करायची, गुडघ्यानं दाबायची, आधी प्लॅस्टिकची आणि वर जाड कुरिअरची पिशवी. 35 बाय 28 बाय 8, म्हणजे दीड किलोच्या जरासं वर. चादरीला त्यानं काही होत नाही, ती उलगडून झटकली की झालं.

आता माझी मोठी चूक सांगते, कारण ती मंदीतच होते. 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. बाहेर जाणारा टॉवेल अडकला, आणि ओळखीच्या एका कारखान्यातून मला निर्यातीचा पांढराशुभ्र माल स्वस्तात मिळाला. 300 नग, उधारीवर. मला वाटलं, सोनं मिळालं. पण तो टॉवेल जाडजूड आणि भला मोठा. आपल्याकडे बादलीत पिळायचा आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळवायचा टॉवेल हलका लागतो. पावसाळी हवेत हा दोन दोन दिवस ओलाच. घेतलेल्यांनी तसं कळवलं आणि विक्री थांबली. शेवटी पिशवीत चार नमुने घेऊन मी तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या लॉजवर गेले. तिथे तो चालला. पण निम्मे पैसे रोख घेतल्याशिवाय गठ्ठा उतरवला नाही. तेव्हापासून स्वस्त मिळतंय म्हणून मी काही घेत नाही. आधी दहा नग विकून बघते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि ऑनलाइन बाजारपेठेच्या ॲपवरून फक्त महाराष्ट्रात माल विकायचा असेल, तर ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणीऐवजी नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर (एनरोलमेंट नंबरवर) काम भागतं. राज्याबाहेर पाठवायचं तर मात्र जीएसटी नोंदणी हवीच. चटणी विकणाऱ्या भगिनींनी अन्न सुरक्षेची नोंदणी करून तो 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापावा, आणि दाणे कधी भाजले, कधी कुटले ती तारीखही. खवट चटणीचं एक पाकीट दहा गिऱ्हाइकं तोडतं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मंदी आली की आपण पहिला हात घालतो तो मागावर चादर विणणाऱ्या मागवाल्याच्या भावात. "सगळीकडे पडलंय, तुम्हीही दहा रुपये सोडा." नाहीतर पॉलिस्टर मिसळलेली परगावची चादर घेऊन तिला सोलापुरी म्हणतो. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे 'सोलापुरी' हे नाव इथल्याच चादरीला लावता येतं. ते नाव या मागवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या दिवसरात्र खटखटाट सोसून मिळवलेलं आहे. माझ्या मागवाल्यानं 'उद्यम', म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केलेली आहे. अशा छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असा कायदाच आहे. मी शनिवारी देते, कारण शनिवारी त्याला कामगारांचा पगार करायचा असतो. विक्री कमी झाली तर दहाऐवजी सहा चादरी उचलते, पण सहांचे पैसे पूर्ण देते. दिवाळीआधी माल कमी पडला, तेव्हा त्यानं दुसऱ्यांना थांबवून मला 40 चादरी दिल्या.

चार वाजता कुरिअरवाला येतो. आज अकरा पार्सलं आहेत. दहाजणींशी बोलणं झालंय, लातूरच्या एक बाई राहिल्यात. घरी जाऊन आधी त्यांना फोन लावते.

नमस्कार.