सगळे टॅक्स बंद, फक्त २ टक्के! अर्थक्रांतीचं गणित बसतं का?

बजेट जवळ आलं की एक फॉरवर्ड फिरायला लागतो, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. इन्कम टॅक्स रद्द, जीएसटी रद्द, खात्यात पैसे जमा झाले की फक्त २ टक्के कट, विषय संपला. ऐकायला भारीच वाटतं ना.

ही आयडिया आपल्याकडचीच. मराठवाड्यातले इंजिनिअर अनिल बोकील आणि त्यांचं अर्थक्रांती प्रतिष्ठान कित्येक वर्षं ती मांडतायत. कस्टम ड्युटी सोडून बाकी कर काढा, त्याजागी बँक व्यवहार कर, म्हणजे खात्यात जमा होणाऱ्या पैशावरचा हाच २ टक्के कट, लावा, मोठ्या नोटा बंद करा, कॅशला २००० रुपयांची मर्यादा घाला. २०१४ च्या निवडणुकीआधी नितीन गडकरी पण या कराबद्दल जाहीरपणे बोलत होते, पुढे काही ते झालं नाही. आणि खरं सांगू, रिटर्न भरणं नाही, नोटीस नाही, हे कोणाला नकोय?

पण घोळ कुठे होतो बघा. हा टॅक्स नफ्यावर नाही, उलाढालीवर आहे. बाजार समितीतल्या एखाद्या व्यापाऱ्याने १ लाखाचा माल विकला, त्यात त्याचे सुटले समजा दीड हजार, आणि टॅक्स गेला २ हजार. म्हणजे धंदा करून पाचशे रुपये खिशातूनच गेले, मग तो काय करणार, भाव वाढवणार, पुढचा पण वाढवणार, आणि प्रत्येक जण आधीच्याच्या टॅक्सवर परत टॅक्स भरणार. इचलकरंजीच्या कापडधंद्याचं बघा ना, सूत एकाचं, सायझिंग (सुताला खळ लावणं) दुसऱ्याकडे, माग तिसऱ्याचा, प्रोसेसिंग चौथ्याकडे, दर वेळी पैसे या खात्यातून त्या खात्यात. हेच सगळं एका छताखाली करणारी मोठी मिल असेल तर ती कापड विकताना एकदाच भरणार! जीएसटीत निदान मागच्या टप्प्यावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे वजावट, तरी मिळतं हो (वेळेवर मिळतं का, तो वेगळा व्हिडिओ).

आपल्याकडे याचा छोटा भाऊ येऊन गेलाय. २००५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी बँकेतून मोठी कॅश काढण्यावर ०.१ टक्का कर लावला, काळ्या पैशाचा माग काढायला. त्यावर केवढी ओरड झाली, १० हजारांची मर्यादा व्यक्तींसाठी लगेच २५ हजार करावी लागली आणि २००९ मध्ये तो बंदच झाला. ब्राझीलमध्ये तर ०.३८ टक्क्यांपर्यंतचा बँक व्यवहार करच होता, नावातच 'तात्पुरता', चालला चांगला दहा वर्षं. वसुली मस्त व्हायची, म्हणून सरकारला तो सोडवत नव्हता. शेवटी डिसेंबर २००७ मध्ये सिनेटमध्ये मुदतवाढीला मतं कमी पडली तेव्हा कुठे गेला.

आता समर्थक म्हणतात, तेव्हाची गोष्ट वेगळी, आता यूपीआय आहे, सगळं बँकेतूनच जातं. पण जातं कारण फुकट आहे! २०२५ मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर लोकांनी क्यूआर कोड काढून 'ओन्ली कॅश'च्या पाट्या लावल्या. बरं, मोठ्या नोटा नसतील तर कॅश जड जाईल हे मान्य, पण व्यापारी एकमेकांची देणी वहीतच वळती करून घेतील आणि महिन्याअखेरीला फक्त फरक बँकेतून देतील, त्याला काय करणार? अर्थक्रांतीवाले कोणी बघत असतील तर याचं उत्तर कमेंटमध्ये नक्की टाका, मी पिन करतो.