आधी सिरियल नंबर, मग डिस्क

[पडद्यावर: चार हार्ड डिस्कची पेटी. तीन हिरवे दिवे, एक पिवळा.]

चारपैकी एक डिस्क गेली आहे. तरी फायली उघडतायत, सेव्ह होतायत. कामाला बसलेल्यांना पत्ताही नाही.

एक डिस्क गेली तरी काम चालू ठेवणारी ही पद्धत मांडली गेली १९८८ साली, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचं म्हणणं असं : एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडा, आणि त्यांतली एखादी जाणारच हे धरून चाला. या पद्धतीचं नाव रेड.

[पडद्यावर: चार चौकटी, त्यांत १, ०, १, ०]

तीन डिस्कवर माहिती आहे १, ०, १. चौथीवर असा आकडा ठेवायचा, की एकांची संख्या सम व्हावी. म्हणजे इथे ०. आता तिसरी डिस्क गेली. उरले १, ०, ०. एकांची संख्या विषम आहे, म्हणजे गेलेल्या जागी १ होता. गेलेल्या डिस्कवरचं काही वाचायचं झालं, की हा हिशेब पेटी आत्ता करतेय.

पण आता आणखी एक डिस्क गेली, तर सगळंच गेलं. आणि ती दुसरी डिस्क कित्येकदा चांगली धडधाकट असते. आपणच घाईत चुकीचा ट्रे ओढलेला असतो.

म्हणून हात लावण्याआधी दोन कामं. पहिलं, बॅकअप ताजा आहे ना, हे पाहणं. दुसरं, गेलेली डिस्क नेमकी कुठली, हे शोधणं.

पेटी चालवणारी लिनक्स प्रणाली सांगते, 'एसडीसी' नावाची डिस्क बिघडली. या नावावर विसंबू नका. मशीन पुन्हा सुरू झालं की ते दुसऱ्याच डिस्कला मिळू शकतं. खरी ओळख सिरियल नंबरची. तो स्मार्टसीटीएल कमांडनं मिळतो आणि डिस्कच्या लेबलवरही छापलेला असतो. ट्रे आत असताना लेबल दिसत नाही, म्हणून डिस्क बसवतानाच नंबराचे शेवटचे चार आकडे ट्रेच्या तोंडावर चिकटवावेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या सगळ्या प्रकरणात याहून मोलाचं दुसरं काही नाही.

चिठ्ठी नसेल तर? पेटीत सोय असल्यास त्या डिस्कचा ओळखदिवा लावता येतो. तीही नसेल, तर मोठी फाईल वाचायला लावा : चालू डिस्कचे दिवे लुकलुकतील, गेलेलीचा बहुधा नाही.

[पडद्यावर: ट्रे जेमतेम बोटभर बाहेर]

आता सिस्टीमला सांगून डिस्क ऑफलाइन करायची. ट्रे बोटभरच ओढायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. आतल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेत असतात; त्या थांबू द्या. मग बाहेर काढून लेबलवरचा नंबर ताडून पाहायचा. हे सगळं हॉट स्वॅपची, म्हणजे मशीन चालू असतानाच डिस्क बदलण्याची, सोय असलेल्या पेटीतच. ती नसेल तर मशीन रीतसर बंद करा. तासभर काम थांबलेलं परवडतं.

नवी डिस्क तेवढ्याच क्षमतेची किंवा मोठी हवी. थोडी जरी लहान भरली, तरी सिस्टीम ती नाकारू शकते. शिंगल्ड प्रकारची, म्हणजे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी, तर घेऊच नका. बराच वेळ न थांबता लिहावं लागलं, की ती फार मंदावू शकते.

बदलाची आज्ञा दिली की रीबिल्ड सुरू, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती हिशेबानं काढून नव्या डिस्कवर भरणं. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगानं भरली, तरी २२ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्क सतत वाचल्या जातात. वय झालेल्या डिस्कला हा ताण जड जातो. एवढ्या मोठ्या डिस्क असतील तर दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रेड ६ घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रीबिल्ड संपलं की स्क्रब चालवून सगळी माहिती तपासून घ्या.

आणि काढलेली डिस्क? ती 'गेलेली' असली तरी तिच्यावरच्या माहितीचे तुकडे वाचता येतात. भंगारात देण्याआधी तबकड्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडा.