सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार.

मघापासून मी इथून बघतेय, मागच्या दोन-तीन रांगांत काही मुलामुलींनी मोबाइल मांडीवर पालथे ठेवलेत. पालथा मोबाइल म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. परदेशी विद्यापीठांचे अर्ज डिसेंबरात गेले, संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा संपली, आता फेब्रुवारीही सरत आला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या विचारतो, "काय, आला का अ‍ॅडमिट?" आणि तुम्ही आतल्या खोलीत निघून जाता.

संयोजकांनी मला विषय दिला होता 'वाचन आणि करिअर'. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. करिअरसाठी काय वाचायचं हे सांगणारे तुमच्याभोवती पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते उत्तराची वाट बघण्याच्या या दोन-चार महिन्यांत निव्वळ आवडीपोटी केलेल्या वाचनाबद्दल. ते मला अतिशय गरजेचं वाटतं, आणि नेमकं तेच या दिवसांत बंद पडतं.

तुमचा अर्ज सध्या कुठे आहे ते आधी सांगते, कारण जे दिसत नाही त्याची धास्ती जास्त असते. अमेरिकेतल्या पीएचडीच्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. पुढचा निर्णय बहुतेक ठिकाणी त्या-त्या विभागातले प्राध्यापक समिती म्हणून बसून घेतात, आपलं शिकवणं आणि संशोधन सांभाळून. पत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघू लागतात. आणि एक तारीख लक्षात ठेवा, १५ एप्रिल. तिथल्या अनेक विद्यापीठांनी एक ठराव मान्य केलेला आहे, की शिष्यवृत्ती किंवा साहाय्य देऊ केलेल्या विद्यार्थ्यावर १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याची सक्ती करायची नाही. त्यामुळे ज्याच्या हातात तीन होकार आहेत तो तिन्ही धरून बसतो, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सोडतो. त्या सुटलेल्या जागांवर वेटलिस्टमधली नावं सरकतात. म्हणजे मार्च संपला तरी काही आलं नाही, याचा अर्थ दार बंद झालं असा होत नाही. गेट, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, दिलेल्यांचं वेळापत्रक वेगळं. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये, आणि प्रवेशाच्या फेऱ्या, मुलाखती उन्हाळाभर.

आता घड्याळाकडे या. न्यूयॉर्कचं घड्याळ या दिवसांत आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळी नऊला कार्यालय उघडतं तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्निया साडेतेरा तास मागे. तिथलं कार्यालय संध्याकाळी पाचला बंद होतं तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसहा. म्हणून तुम्ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागता, ते मला समजतं. पण हेच गणित उलटं मांडून बघा. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत, तेरा तास, न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत तुमच्या अर्जावर काम करणारं एकही कार्यालय उघडं नसतं. शनिवारी सकाळी साडेसहापासून सोमवारी संध्याकाळपर्यंत तर पूर्ण सामसूम. तरीही तुम्ही दुपारी तीन वाजता, बाहेर ऊन रणरणत असताना, दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघता. ज्यांनी इंग्लंडमध्ये अर्ज केलेत त्यांना दुपारचं निमित्त आहे. बाकीच्यांना नाही. हे तेरा तास तुमचे आहेत, आणि मी आज आले आहे ती त्यांच्यावर दावा सांगायला.

माझं सांगते. १९९६च्या डिसेंबरात मी संख्याशास्त्राच्या पीएचडीसाठी पाच ठिकाणी अर्ज केले. डॉलर तेव्हा पस्तीस-छत्तीस रुपयांना होता आणि प्रत्येक अर्जाच्या शुल्काचा वेगळा ड्राफ्ट काढावा लागायचा. वडिलांनी ते पैसे कसे उभे केले, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ईमेल आमच्या घरात नव्हता. उत्तर एअरमेलने यायचं, दहा-बारा दिवसांचा प्रवास करून. जाड पाकीट म्हणजे होकार, पातळ म्हणजे नकार, कारण होकाराबरोबर भरायचे फॉर्म असतात आणि नकाराला एक कागद पुरतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. ज्यांचं बालपण तिथे गेलं त्यांना यंत्रमागांची खडखड वेगळी ऐकू येत नाही, ती थांबली तरच ऐकू येते. वीज गेली की गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि त्या शांततेत पोस्टमनच्या सायकलची घंटी दोन गल्ल्यांपलीकडून कानावर यायची. त्या वर्षी मी वीज जायची वाट बघायचे.

त्या चार महिन्यांत मी वाचलं भरपूर. पण काय वाचलं? ज्या प्राध्यापकांची नावं मी अर्जात लिहिली होती त्यांचे शोधनिबंध. उद्या मुलाखतीत विचारलं तर, परवा तिथे गेल्यावर मागे पडले तर, असा हिशोब. एका ओळीचाही आनंद मला झालेला आठवत नाही. कादंबरी हातात घेतली की अपराधी वाटायचं, जणू मी वाट बघण्यात हयगय करते आहे. शेवटी तीन पातळ पाकिटं आली. एक जाड आलं, पण त्यात आर्थिक साहाय्य नव्हतं, म्हणजे आमच्या दृष्टीने तेही पातळच. पाचव्या ठिकाणाहून काहीच आलं नाही.

मे महिन्यात मला जाणवलं की मी आतून रिकामी झालेय. नकारामुळे असेल असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, सुरुवात त्याआधी झाली होती, एसओपी लिहिताना.

एसओपी म्हणजे काय हे इथल्या पालकांसाठी सांगते. दोन पानांत अर्जदाराने लिहायचं, की मी कोण, मला काय शिकायचंय, आणि ते तुमच्याकडेच का. यात वाईट काही नाही, विचाराला शिस्त लागते. पण ते लिहिताना मुलगा काय करतो? आपलं एकवीस-बावीस वर्षांचं आयुष्य समोर घेतो आणि त्या एका विभागाच्या दिशेने जे जात नाही ते सगळं कापून टाकतो. अकरावीत तबला शिकलो, कापा. आजीबरोबर पंढरपूरला चालत गेलो, कापा. एक वर्ष कशातच लक्ष नव्हतं, तेवढं तर आधी कापा. उरतो एक सरळ बाण. सातवीपासून मला हेच व्हायचं होतं! आठ वेळा पुन्हा लिहून, शिक्षकांना दाखवून, तो बाण इतका टोकदार होतो की लिहिणाऱ्यालाच तो खरा वाटू लागतो. मग नकार आला की अर्ज नाकारला गेला असं वाटत नाही, आपण अख्खेच नाकारले गेलो असं वाटतं. कारण कापून टाकलेलं परत आणून जोडायचं राहूनच गेलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा अर्ज केले. आणि त्या हिवाळ्यात, आमच्या भागातल्या छोट्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी मला दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घालायला लावलं. तुम्हाला माहीत आहे, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. पण दिवाळी अंक दिवाळीत वाचून होत नाहीत. वाचनालयाचे अंक हातोहात फिरत राहतात ते थेट मार्चपर्यंत, म्हणजे अर्जांच्या अगदी बरोबरीने! मला तर वाटतं, वाट बघणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं वाचन मराठीत दुसरं नाही. कथा दहा-पंधरा पानांची. ती नाही रुचली तर पुढे कविता, त्यापुढे कुणीतरी हिमालयात जाऊन आलेलं, मग एखाद्या नटाच्या आठवणी, शेवटी राशिभविष्य. कुणी विचारत नाही, हे तुम्ही का वाचताय.

पहिला आठवडा मला काही जमलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते, कारण तुमचंही तेच होणार आहे. डोळे ओळींवरून जायचे आणि पान संपल्यावर काहीच हाताला लागायचं नाही. मन सतत दाराकडे. बाईंना मी म्हटलं, माझं वाचनच गेलं. त्या म्हणाल्या, "लहानपणी आवडलेलं एखादं ने." मी नेलं. ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक आहे ती वाचताना पुढे काय होणार याची धाकधूक नसते. बाहेर एवढी मोठी धाकधूक असताना पुस्तकात ती नको, हे त्या बाईंना कळलं होतं. तीन दिवसांनी मी नव्या कथेकडे वळले, आणि मग थांबले नाही.

आणि मला आमच्या शेजारच्या कारखान्यातले विणकर काका आठवले. मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की नवा चढवतात, आणि जुन्याचे उरलेले धागे नव्याच्या धाग्यांना एकेक करून जोडतात. हजारो धागे. ते जोडणारे वेगळे. तेवढा वेळ माग बंद, आणि मजुरी विणलेल्या मालावर असल्यामुळे विणकराची कमाईही बंद. बाकीचे चहाला जायचे. काका भिंतीला टेकून तेलुगू साप्ताहिक वाचायचे, त्यातली क्रमशः कादंबरी. शाळेत असताना मी एकदा विचारलं, काका, काय आहे त्यात? त्यांनी मराठीत, अडखळत, एका सावकाराच्या सुनेची सगळी कहाणी मला सांगितली, आणि धागे जोडणारा पोरगा हात थांबवून ऐकत राहिला, म्हणून त्याला मालकाची बोलणी बसली. त्या कादंबरीचा काकांना काय उपयोग होता? बुडालेली मजुरी तिने भरून येणार नव्हती. पण त्या अर्ध्या दिवसात ते बंद मागाचे विणकर नव्हते, त्या गोष्टीतले कुणीतरी होते.

आता पालकांशी थोडं. "वाचतोयस तर काहीतरी उपयोगाचं वाच" हे वाक्य आपण प्रेमानेच म्हणतो, माझ्या आईनेही म्हटलं. तरी कृपा करून या तीन महिन्यांत ते म्हणू नका. मुलाला सध्या सगळं जग तोलतं आहे. गुण, परीक्षेतला स्कोअर, तीन शिफारसपत्रं, सगळं तराजूत. गोष्ट वाचताना त्याला कुणी तोलत नाही. तिथेही तुम्ही उपयोगाचं वजन टाकलंत तर ती एकच मोकळी जागा जाते.

मुंबईतल्या चर्नी रोडच्या बागेत बसून शाळेच्या पुस्तकांबाहेरचं वाचणारा एक मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला दटावलं नाही, आणखी पुस्तकं दिली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, आणि न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून त्यांनी दोनेक हजार पुस्तकं जमवली. पुढे परत येताना, पहिल्या महायुद्धात, त्यांच्या सामानाची बोट बुडवली गेल्यामुळे त्यांची पुष्कळशी पुस्तकं समुद्रात गेली. त्यांनी पुन्हा जमवली. केळुसकरांनी त्या बागेत जे केलं, ते आपल्यापैकी कुणालाही करता येण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट मला या वास्तूत बोलून दाखवायची आहे. वाचनालयांच्या अभ्यासिकांत आज बसायला जागा मिळत नाही, मुलं सकाळी सहाला येऊन वही ठेवून खुर्ची धरतात. त्याच इमारतीत, एका भिंतीपलीकडे, पुस्तकांच्या कपाटांपाशी कुणी नसतं. या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, एमपीएससीची वाट बघणं तर तुमच्याहून लांबलचक. पण ती भिंत मला सहन होत नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ते मूळचे गणिताचे शिक्षक, म्हणून मला जरा जास्त जवळचे. त्यांचा तिसरा नियम असा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्या कपाटांत कितीतरी पुस्तकं वर्षानुवर्षं शिक्का न उमटता उभी आहेत. कामात असलेला माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, तो यादी घेऊन येतो. यादी नसलेला, वेळ असलेला, थोडा सैरभैर झालेला वाचक त्यांना लागतो. तो तुम्ही आहात.

त्या दुसऱ्या वर्षी मला प्रवेश मिळाला, साहाय्यासकट. तो दिवाळी अंकांमुळे मिळाला असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. अर्ज सुधारला होता, परीक्षेत गुण वाढले होते. वाचनाने एवढंच झालं, की पाकीट आलं त्या दुपारी मी एका कथेच्या मधोमध होते. पोस्टमनने हाक मारली. मी पाकीट घेतलं, हाताला जाड लागलं, आईला दिलं. आई रडायला लागली. मग आम्ही दोघींनी चहा केला, आणि संध्याकाळी मी ती कथा पुरी केली.

आता साडेसहा वाजलेत. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ. कार्यालयं उघडायला अजून एक तास आहे, आणि इथल्या ग्रंथपाल ताईंनी आज कपाटं साडेसातपर्यंत उघडी ठेवायचं कबूल केलंय. दिवाळी अंक डाव्या हाताला, खिडकीखाली आहेत.